अ‍ॅनिमेला २४ फ्रेम पुरतात, मग गेमला ६० का लागतात?

फोनच्या जाहिरातीत आजकाल '१२० हर्ट्झ' आणि '९० एफपीएस गेमिंग' हे शब्द कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकेच मोठ्या अक्षरात असतात. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात एक सरळ हिशोब बसलाय: फ्रेम जितक्या जास्त, तितकं चांगलं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहिते आणि उरलेला वेळ गेम आणि अ‍ॅनिमेत घालवते. माझं मत विचाराल तर हा हिशोब गेमच्या बाबतीत अर्धा बरोबर आहे आणि अ‍ॅनिमेच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

आजच्या लेखात आपण फ्रेम म्हणजे काय, अ‍ॅनिमेत आणि गेममध्ये तिचं काम वेगळं का असतं, आणि तुमच्या फोनवर कोणती सेटिंग चालू ठेवायची, कोणती बंद करायची ते पाहूया. मधेमधे माझी आवडनिवडही येईल. पटली नाही तरी आकडे उपयोगी पडतीलच.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. अशी चित्रं एकामागून एक भराभर दाखवली की हालचालीचा भास होतो. एका सेकंदात किती चित्रं तयार झाली तो फ्रेम रेट, म्हणजेच एफपीएस.

रिफ्रेश रेट वेगळा. तुमची स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवीन चित्र दाखवू शकते, तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. १२० हर्ट्झची स्क्रीन असली म्हणून गेम १२० एफपीएसने चालत नाही. रस्ता आठ पदरी असला तरी गाडी तिच्या इंजिनाच्या ताकदीनेच पळणार, तसंच हे.

एक फ्रेम स्क्रीनवर किती वेळ राहते ते बघा:

- २४ एफपीएस: सुमारे ४१.७ मिलिसेकंद
- ३० एफपीएस: ३३.३ मिलिसेकंद
- ६० एफपीएस: १६.७ मिलिसेकंद
- ९० एफपीएस: ११.१ मिलिसेकंद
- १२० एफपीएस: ८.३ मिलिसेकंद

एक गोष्ट लगेच दिसते. ३० वरून ६० वर गेलात तर फ्रेममागे जवळजवळ १७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून १२० वर गेलात तर फक्त ८. म्हणजे आकडा दुप्पट होत गेला तरी फायदा निम्मा होत जातो. फोन घेताना हे लक्षात ठेवा.

अ‍ॅनिमे: २४ फ्रेम, पण चित्रं त्याहूनही कमी

अ‍ॅनिमे सिनेमासारखाच २४ एफपीएसच्या हिशोबाने बनतो. पण सेकंदाला २४ वेगवेगळी चित्रं काढलेली असतात असं अजिबात नाही. प्रत्येक चित्र एकच फ्रेम ठेवलं तर सेकंदाला २४ चित्रं लागतात. याला 'वन्स'वर काढणं म्हणतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर १२ लागतात, ते 'टूज'. तीन फ्रेम ठेवलं तर ८, ते 'थ्रीज'. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत थ्रीजचा वापर सर्रास होतो.

याची मुळं पैशात आहेत. १ जानेवारी १९६३ ला जपानच्या फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी हातांनी चित्रं काढायची, तीही तुटपुंज्या बजेटमध्ये. मग तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने काटकसर केली: कमी चित्रं, स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवणं, फक्त तोंड हलवणं, जुनी चित्रं पुन्हा वापरणं.

ही मजबुरी होती, पण पुढच्या पिढ्यांनी तिची शैली केली. 'अशिता नो जो'चे दिग्दर्शक ओसामु देझाकी ऐन भावनेच्या क्षणी हालचाल थांबवून एक रंगवलेलं स्थिर चित्र दाखवायचे. आज कुठल्याही स्पोर्ट्स अ‍ॅनिमेत शेवटच्या फटक्याला चित्र गोठतं ना, त्याच्यामागे हीच परंपरा आहे. योशिनोरी कानादा यांच्यासारखे अ‍ॅनिमेटर एका टोकाच्या पोझमधून दुसऱ्या टोकाच्या पोझमध्ये पात्राला उडवायचे, मधली चित्रं जवळजवळ गाळूनच.

दुसऱ्या टोकाला १९८८ चा 'अकिरा' आहे. कात्सुहिरो ओतोमो यांच्या या सिनेमासाठी दीड लाखाहून जास्त सेल रंगवले गेले आणि त्यातली हालचाल टीव्ही अ‍ॅनिमेपेक्षा कितीतरी भरगच्च आहे. मला 'अकिरा' प्रचंड आवडतो. पण तो भारी आहे तो चित्रं जास्त आहेत म्हणून, असं म्हणणं म्हणजे जेवण चांगलं होतं कारण वाट्या जास्त होत्या, असं म्हणण्यासारखं आहे.

चित्र किती वेळ थांबतं, त्यातच खरी मजा

जपानी स्टुडिओत प्रत्येक शॉटसोबत एक टाइम शीट असते. कोणतं चित्र किती फ्रेम थांबायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. मुठ मागे खेचलेली पोझ सहा फ्रेम ठेवायची, मग एकच फ्रेम ताणलेला, फेंगडा हात, आणि लगेच फटका बसल्याचं चित्र. वजन, वेग, राग हे सगळं या थांब्यांमधून येतं. तबल्यात ठेक्याइतकीच मधली जागाही महत्त्वाची असते, तसं.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे १९९७ च्या 'द एंड ऑफ एव्हांगेलियन'मधली असुकाची लढाई. त्यात मित्सुओ इसो यांचं काम आहे. मधली चित्रं दुसऱ्याकडून भरून घेण्याऐवजी जवळजवळ प्रत्येक चित्र स्वतःच महत्त्वाची पोझ म्हणून काढायचं, ही त्यांची पद्धत. चित्रं मोजून पाहिलीत तर कमी भरतील, पण त्या यंत्रमानवाचं वजन तुम्हाला छातीवर जाणवतं.

आता 'नारुतो शिपुदेन'चा १६७ वा भाग आठवा, नारुतो विरुद्ध पेन. त्यातला वेडावाकडा, रबरासारखा ताणलेला चेहरा व्हिडिओ पॉज करून, स्क्रीनशॉट काढून लोकांनी इतका फिरवला की ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांनाही तो माहीत आहे. माझं मत ठाम आहे: तो भाग वाईट नाही. ती चित्रं थांबवून पाहण्यासाठी काढलेलीच नाहीत. चालू वेगात ती डोळ्याला धक्का देतात आणि तेच त्यांचं काम आहे. चेहऱ्याची शैली आवडली नाही असं म्हणा, ते चालेल. पण स्क्रीनशॉटवरून अ‍ॅनिमेशनला नावं ठेवू नका.

कमी फ्रेमचा मुद्दाम वापर आता अमेरिकेतही दिसतो. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये जंगलातल्या प्रसंगात नवखा माइल्स टूजवर हलतो आणि मुरलेला पीटर वन्सवर. एकाच फ्रेममध्ये दोघं वेगळ्या लयीत आहेत, त्यामुळे माइल्स अजून शिकतोय हे एकही संवाद न बोलता कळतं.

'६० एफपीएस अ‍ॅनिमे' क्लिप्स मला का आवडत नाहीत

एखादी गाजलेली फाइट घेऊन सॉफ्टवेअरने ती ६० एफपीएस केलेली क्लिप तुम्ही नक्की पाहिली असेल. वर लिहिलेलं असतं, 'आता अजून स्मूद!' टीव्हीतलं मोशन स्मूदिंग आणि काही फोनमधलं एमईएमसी हेच काम करतं. याला इंटरपोलेशन म्हणतात.

सॉफ्टवेअर दोन शेजारच्या फ्रेम घेतं, कोणता भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधतं आणि मधली फ्रेम स्वतः तयार करतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या क्रिकेट मॅचसाठी हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. अ‍ॅनिमेत तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली: थ्रीजवर काढलेल्या शॉटमध्ये तीन फ्रेम अगदी सारख्या असतात, मग चौथी एकदम वेगळी. सॉफ्टवेअरला सारख्या दोन फ्रेममध्ये काहीच हालचाल सापडत नाही आणि चौथीच्या आधी ते घाईघाईने घसरगुंडी बनवतं. पात्र थांबतं, घसरतं, थांबतं, घसरतं. सारख्या फ्रेम आधी काढून टाकल्या तर आणखी वाईट, कारण टाइम शीटवरचे थांबेच पुसले जातात.

दुसरी: तो एका फ्रेमचा ताणलेला हात. सॉफ्टवेअरला तो खरा हात वाटतो, मग त्याच्या आजूबाजूला भुतासारख्या अर्धवट आकृत्या तयार होतात.

तिसरी: फटक्याचा झटका. एका फ्रेममध्ये घडणारी गोष्ट मऊ करून दाखवली की मुठीतलं वजन निघून जातं आणि सगळे पाण्यात मारामारी करत असल्यासारखे दिसतात.

अ‍ॅनिमेटरने रात्र जागून ठरवलेली लय एखादं अल्गोरिदम 'दोष' समजून दुरुस्त करतं, हे मला खटकतं. सिनेमावाल्यांनाही हे खटकतं. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा असं सांगणारा व्हिडिओच काढला होता. २०१९ मध्ये टीव्हींसाठी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. त्यात हे स्मूदिंग बंद असतं.

गेममध्ये फ्रेम म्हणजे तुमच्या बोटाला मिळालेलं उत्तर

आता गेमकडे वळू. अ‍ॅनिमे तुम्ही पाहता, गेम तुम्ही चालवता. फरक इथेच पडतो.

तुम्ही स्क्रीनवर जंपचं बटण दाबलं की आत एक साखळी सुरू होते. टच सेन्सर बोटाची जागा वाचतो. गेमचा कोड पुढच्या फ्रेमच्या वेळी तो टच विचारात घेतो. जीपीयू चित्र बनवतो. मग स्क्रीनची पुढची रिफ्रेश येते तेव्हा ते चित्र दिसतं. ३० एफपीएसला नुसत्या दुसऱ्या पायरीवरच तुमचा टच ३३ मिलिसेकंदांपर्यंत रांगेत उभा राहू शकतो, पुढच्या पायऱ्यांचा वेळ वेगळाच. ६० ला ही रांग निम्मी होते. म्हणून जास्त एफपीएसचा गेम नुसता स्मूद दिसत नाही, तो हाताला हलका लागतो.

फायटिंग गेममध्ये तर फ्रेम हेच चलन आहे. 'स्ट्रीट फायटर'चे खेळाडू 'हा पंच चार फ्रेमचा आहे' अशा भाषेत बोलतात. ६० एफपीएसला चार फ्रेम म्हणजे ६७ मिलिसेकंद. २००४ च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'मध्ये जस्टिन वाँगच्या चुन-लीचे १५ फटके एकामागून एक पॅरी केले होते. पॅरीसाठी फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी पुढे टॅप करावं लागतं. त्याच्याकडे इतकीशी हेल्थ उरली होती की साधा ब्लॉक केला असता तरी तो हरला असता. तो व्हिडिओ पाहा. फ्रेम स्थिर असण्याला गेममध्ये किती किंमत आहे ते त्याहून चांगलं कुणी समजावू शकत नाही.

अर्थात नुसत्या आकड्यावर गेम मोठा होत नाही. १९९८ चा 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' निंटेंडो ६४ वर २० एफपीएसने चालायचा आणि तरी आजही त्याचं नाव सर्वोत्तम गेममध्ये घेतलं जातं. का? तो गेम त्या वेगासाठीच बांधलेला आहे. शत्रूवर नजर लॉक होते, शत्रू वाट पाहून वार करतात. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम जंप चालते, म्हणजे तुमच्या बोटाला थोडी सवलत मिळते. चांगला गेम डिझायनर फ्रेमचा हिशोब खेळाडूच्या बाजूने करतो.

सरासरीपेक्षा स्थिरता महत्त्वाची

हा भाग सगळ्यात कामाचा आहे, कारण जाहिराती इथेच गप्प असतात.

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३० एफपीएसचा गेम नीट चालत असेल तर प्रत्येक फ्रेम दोन रिफ्रेश थांबते: दोन, दोन, दोन. पण फ्रेम वेळेवर तयार झाल्या नाहीत तर एक, तीन, एक, तीन असं होतं. सरासरी तीच, ३० एफपीएस. डोळ्याला मात्र गाडी गचके खात चालल्यासारखं वाटतं. याला फ्रेम पेसिंगची अडचण म्हणतात. २०१५ चा 'ब्लडबोर्न' माझ्या सर्वात आवडत्या गेमपैकी आहे, पण त्यात ही अडचण होती आणि ती लपत नाही. अँड्रॉइडवर गेम बनवणाऱ्यांसाठी गूगलने फ्रेम पेसिंगची वेगळी लायब्ररीच दिली आहे, त्यावरून हा प्रश्न किती मूलभूत आहे ते समजा.

फोनवर याला उष्णतेची जोड मिळते. गेम ९० एफपीएसवर ठेवला की पहिली काही मिनिटं लोण्यासारखा चालतो. मग फोन तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि एफपीएस ९० वरून ५५, परत ७०, परत ५० अशी उड्या मारायला लागतो. नेमक्या शेवटच्या झोनमध्ये. माझं मत: उड्या मारणाऱ्या ९० पेक्षा ठाम ६० कधीही चांगले, आणि लटपटणाऱ्या ६० पेक्षा ठाम ४० सुद्धा चालतील, पण स्क्रीन १२० हर्ट्झची हवी. ४० एफपीएसला एक फ्रेम २५ मिलिसेकंद राहते, ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये, आणि १२० ला ४० ने नीट भाग जातो. प्लेस्टेशन ५ वरच्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'ला २०२१ मध्ये असा मोड मिळाला होता.

दोन्ही एकत्र आले तर? 'गिल्टी गियर'

अ‍ॅनिमेची लय आणि गेमचा प्रतिसाद एकत्र नांदू शकतात का? जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सने २०१४ च्या 'गिल्टी गियर एक्सआरडी'मध्ये ते करून दाखवलं. पात्रं थ्रीडी आहेत, पण पाहताना हाताने काढलेली वाटतात.

युक्ती अशी. गेम ६० एफपीएसने चालतो. तुमचं बटण, फटक्याची नोंद, सगळं ६० च्या हिशोबाने. पण पात्राच्या दोन पोझमधली हालचाल कॉम्प्युटरला आपोआप भरू दिलेली नाही. अ‍ॅनिमेटरने प्रत्येक पोझ स्वतः बसवली आणि ती काही फ्रेम तशीच थांबवून ठेवली. म्हणजे थ्रीडी असूनही टाइम शीटची शिस्त! पुढे २०१८ मध्ये याच स्टुडिओने 'ड्रॅगन बॉल फायटरझेड' याच मार्गाने केला.

मला हा गेम या सगळ्या वादाचं उत्तर वाटतो. बोटासाठी ६०, डोळ्यासाठी हवी तेवढीच चित्रं.

तुमच्या फोनवर काय करायचं?

१. अ‍ॅनिमे पाहताना मोशन स्मूदिंग किंवा एमईएमसी बंद ठेवा. फोनमध्ये हा पर्याय असेल तर बहुतेक डिस्प्ले सेटिंगमध्ये सापडतो. टीव्हीवर पाहत असाल तर पिक्चर सेटिंगमध्ये शोधा.

२. १२० हर्ट्झची स्क्रीन असेल तर अ‍ॅनिमेसाठी तिचा एक खरा फायदा आहे. ६० ला २४ ने नीट भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन रिफ्रेश आणि पुढची दोन रिफ्रेश थांबते. कॅमेरा आडवा सरकताना त्यामुळे बारीक गचके दिसतात. १२० ला प्रत्येक फ्रेम बरोबर पाच रिफ्रेश थांबते. एकही नवी फ्रेम न बनवता लय जशीच्या तशी.

३. गेममध्ये सर्वात मोठा आकडा निवडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं सलग खेळून बघा. फोन तापल्यावर जो एफपीएस टिकतो तो तुमचा खरा एफपीएस.

४. एफपीएस टिकत नसेल तर आधी शॅडो आणि ग्राफिक्स क्वालिटी कमी करा, एफपीएस नंतर. स्पर्धेच्या गेममध्ये सुंदर गवत कामाचं नाही.

५. टीव्हीला कन्सोल जोडलात तर गेम मोड चालू करा. इंटरपोलेशनला मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची फ्रेम हातात लागते, म्हणजे चित्र मुद्दाम उशिरा दाखवावं लागतं. गेममध्ये तो उशीर थेट तुमच्या बोटाला लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माणसाच्या डोळ्याला २४ च्या पुढे काही दिसत नाही ना?* दिसतं. १२० हर्ट्झच्या फोनवर यादी भराभर स्क्रोल करा, मग सेटिंगमध्ये ६० करून तीच पुन्हा स्क्रोल करा. २४ हा आकडा बोलपटांच्या काळात आवाज नीट येण्यासाठी आणि फिल्मचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ठरला. ती डोळ्याची मर्यादा नाही.

*टच सॅम्पलिंग रेट म्हणजे रिफ्रेश रेटच का?* नाही. स्क्रीन सेकंदाला किती वेळा बोटाची जागा वाचते तो टच सॅम्पलिंग रेट. २४० हर्ट्झ असेल तर दर ४.२ मिलिसेकंदांनी वाचते. पण गेमच ३० एफपीएसवर असेल तर तो वेग बराचसा वाया जातो.

*फक्त अ‍ॅनिमे पाहायचा आहे, गेम खेळत नाही. महागडा गेमिंग फोन घेऊ का?* नको. चांगला डिस्प्ले आणि चांगले स्पीकर असलेला साधा फोन घ्या आणि उरलेल्या पैशांत अधिकृत अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घ्या. ती चित्रं काढणाऱ्यांच्या कामाची किंमत त्या मार्गाने तरी मोजली जाते.

थोडक्यात सांगायचं तर, पुढच्या वेळी कुणी 'किती एफपीएस?' असं विचारलं की आधी विचारा, 'कशासाठी?' पाहायचं असेल तर काढणाऱ्याने ठरवलेली लय राहू द्या. खेळायचं असेल तर आपल्या फोनला टिकेल तो आकडा निवडा आणि निवांत खेळा.